पोलीस पाटील भरती : लेखी पास झालात, आता तोंडीच्या 20 मार्कांचं काय?

लेखीचा निकाल लागला की पहिल्या दिवशी घरात पेढे येतात आणि दुसऱ्या दिवशी झोप उडते. कारण यादीत तुमच्या गावासमोर एकटं तुमचंच नाव नसतं. दोन-तीन नावं असतात. त्यातलं एखादं तुमच्याच भावकीतलं, एखादं वरच्या आळीतलं. सकाळी दूध घालायला एकाच डेअरीवर जायचं आणि आठ दिवसांनी एकाच खुर्चीसाठी प्रांत कार्यालयाच्या व्हरांड्यात शेजारी-शेजारी बसायचं. गावात पद एकच. दुसऱ्या नंबरला काही मिळत नाही.

पोलीस पाटील भरतीत लेखी परीक्षा 80 मार्कांची आणि तोंडी 20 मार्कांची असते. लेखीत किमान 36 मार्क पडले की तोंडीला बोलावणं येतं. 20 म्हणजे थोडेच, असं बऱ्याच जणांना वाटतं. हिशोब करून बघा. एकाला लेखीत 58, दुसऱ्याला 56. तोंडीत पहिल्याला 9 आणि दुसऱ्याला 12 पडले की पहिल्याचे 67 आणि दुसऱ्याचे 68. संपला विषय. दहावी पासची अट असलेल्या या पदाला आता पदवीधर, डीएड झालेले, पोलीस भरतीची तयारी केलेले सगळे अर्ज करतात. त्यामुळे लेखीत फार अंतर राहत नाही आणि निकाल तोंडीवर येऊन टेकतो. मार्च 2024 मध्ये मानधन महिना 6,500 वरून 15,000 रुपये करायचा निर्णय झाल्यावर तर स्पर्धा आणखी वाढली आहे.

तरीही तोंडीची तयारी म्हणून बहुतेकजण काय करतात? लेखीसाठी घेतलेलं तेच जाडजूड सामान्यज्ञानाचं पुस्तक पुन्हा उघडतात. राज्याचे राज्यपाल, जिल्ह्यातले तालुके, नद्यांची उगमस्थानं. हे वाचू नका असं नाही, एखाद-दुसरा प्रश्न त्यातला येतोच. पण ते ज्ञान लेखीत तपासून झालेलं असतं. समोरच्या अधिकाऱ्यांना आता बघायचं असतं ते दुसरंच. या माणसाला स्वतःचं गाव माहीत आहे का? आणि रात्री दोन वाजता गावात काही घडलं तर हा फोन कुणाला करील?

मी स्वतः यात एकदा तोंडावर पडलो आहे. पोलीस पाटील पदासाठी नव्हे, एका कंत्राटी जागेसाठी, बऱ्याच वर्षांपूर्वी. समोर चौघं होते. मी देशभरातल्या योजनांची नावं सालासकट पाठ करून गेलो होतो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या गावात वॉर्ड किती?" मी चार म्हणालो. मग विचारलं, "सदस्य किती?" ते काही सांगता येईना. शेवटी त्यातल्या एका मॅडमनी माझ्याकडं बघून हसत विचारलं, "गावात राहता ना?" पुढची दहा मिनिटं काय बोललो ते मला आजही आठवत नाही.

समोर कोण बसलेलं असतं

समिती उपविभागाची असते. प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी अध्यक्ष. सोबत उपविभागीय पोलीस अधिकारी, ज्यांना आपण डीवायएसपी म्हणतो. तहसीलदार असतात. आणि समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाचे अधिकारी. म्हणजे एका टेबलामागं चार खाती बसलेली असतात आणि प्रत्येक खात्याला तुमच्याकडून वेगळं काम करून घ्यायचं असतं. हे एकदा ध्यानात आलं की प्रश्न कुठून येणार हे निम्मं कळून जातं.

डीवायएसपी गुन्ह्याचं विचारणार. चोरी, दारू, जुगार, मिरवणुकीतली भांडणं, बेपत्ता मुलगी. तहसीलदारांच्या डोक्यात बांध, शिवरस्ता, वाळू, पूर आणि पंचनामे. समाजकल्याणचे अधिकारी वस्तीवरचा पाण्याचा वाद, बहिष्कार, जातीवरून केलेली शिवीगाळ याकडं वळणार. प्रांत बहुतेक वेळा सुरुवात करून देतात, नाव-गाव-शिक्षण विचारतात आणि शेवटी एखादा असा प्रश्न टाकतात की ज्यात माणूस कळतो.

उत्तर देताना ज्यांनी विचारलं त्यांच्याकडं बघून सुरू करा, पण उरलेल्यांकडंही नजर फिरू द्या. मार्क चौघं देणार आहेत. बरीच पोरं एकाच अधिकाऱ्याकडं, तेही सगळ्यात वरच्या, टक लावून बोलतात. बाकीचे तिघं मग कागद चाळत बसतात. एक अधिकारी विचारतोय आणि मध्येच दुसऱ्यानं प्रश्न टाकला तर गोंधळू नका. "सर, पहिल्या प्रश्नाचं एवढं वाक्य पूर्ण करतो आणि तुमच्या प्रश्नावर येतो," एवढं बोललं तरी चालतं. कुणी मुद्दाम तुमचं उत्तर खोडून काढील, आवाज चढवील. ते तुमच्यावर रागावलेले नसतात. गावात चार माणसं अंगावर आली तर हा तापतो का, हे बघतात. तिथं हुज्जत घालायची नाही आणि लगेच मान डोलावून उत्तर फिरवायचंही नाही. "सर, मला असं वाटतं, कारण अमुक. माझं चुकत असेल तर सांगा." बस.

आधी आपलं गाव वाचा

दोन दिवस मोडा, एक वही घ्या आणि गावात फिरा. हे काम पुस्तकापेक्षा जास्त मार्क देतं.

ग्रामपंचायतीत जाऊन घरं किती, 2011 च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या किती, मतदार किती, वॉर्ड आणि सदस्य किती हे लिहून घ्या. वाड्या-वस्त्या किती आणि गावठाणापासून किती लांब. शिवेला कोणकोणती गावं. तुमचं पोलीस ठाणं कोणतं, ते किती किलोमीटर, बीट कोणतं आणि बीट अंमलदार कोण. सरकारी दवाखाना कुठं, रात्री डॉक्टर असतो का. पावसाळ्यात कोणता पूल पाण्याखाली जातो आणि मग कोणती वस्ती तुटते. कठडा नसलेल्या विहिरी कुठं आहेत. शाळा, अंगणवाड्या, मंदिरं, मशीद, दर्गा, बुद्धविहार. यात्रा कोणत्या महिन्यात, छबिना कोणत्या रस्त्यानं जातो, गणपती आणि जयंतीच्या मिरवणुका कुठं अडतात. गेल्या काही वर्षांत गावात कशावरून वाद झाले आणि ते कुणी मिटवले.

एक गोष्ट बहुतेकांच्या वहीत नसते. गावात कोण येतं आणि गावातून कोण जातं. दसऱ्यानंतर ऊसतोडीला किती कुटुंबं जातात? त्यांची घरं चार-पाच महिने कुलूपबंद असतात, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागं राहतात. चोरी तिथं होते. वीटभट्टीवर, गुऱ्हाळावर, पोल्ट्रीवर बाहेरून आलेले कामगार किती, त्यांची नोंद कुणाकडं आहे? मेंढपाळांचे वाडे कोणत्या महिन्यात कोणत्या शिवारात बसतात? हे सांगणारा उमेदवार समोर आला की डीवायएसपी पेन खाली ठेवून ऐकतात, कारण त्यांना गावातून हीच माहिती हवी असते.

ही माहिती कुणाला विचारायची? कोतवालाला. आशाताईंना आणि अंगणवाडीच्या ताईंना, कारण कुठल्या घरात काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. तलाठ्यांना, ज्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, आणि ग्रामसेवकांना, जे आता ग्रामपंचायत अधिकारी आहेत. ही नवी नावं तोंडात असू द्या, समिती खूश होते. आणि शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांना जाऊन भेटा. तासभर बसा, चहा घ्या, महिन्यात काय काय करावं लागतं ते विचारा. आपल्याच गावचे जुने पाटील असतील तर त्यांनाही भेटायला हरकत नाही, पण त्यांच्या घरातलं कुणी उमेदवार आहे का ते आधी बघा, नाहीतर उगाच अवघडल्यासारखं होतं.

कायदा किती वाचायचा

वकील व्हायचं नाही. पण ज्या कायद्यानं तुम्हाला नेमणार तो तरी माहीत पाहिजे. त्याचं नाव महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967. "पाटील" शब्दावरून एक प्रश्न नेहमी निघतो. पूर्वी मुलकी पाटील आणि पोलीस पाटील अशी वंशपरंपरेनं आलेली पदं होती. महसूल गोळा करणारं मुलकी पाटलाचं पद 1962 च्या कायद्यानं रद्द झालं. नंतर 1967 च्या कायद्यानं आजचं पोलीस पाटील पद आलं. म्हणजे हे वतन नाही, नेमणूक आहे. "आमच्या घरात पाटीलकी होती" हे वाक्य मुलाखतीत अभिमानानं सांगणारे असतात. सांगा, पण त्यापुढं "म्हणून मला द्या" असा सूर आला तर ते तुमच्या विरोधात जातं.

कायद्यातली कर्तव्यं सोप्या भाषेत अशी. गावातली गुन्ह्यांची स्थिती, लोकांचं आरोग्य आणि एकूण परिस्थिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवत राहायची. शांतता बिघडेल अशी कोणतीही खबर पोलीस ठाण्याला द्यायची. पोलिसांना तपासात मदत करायची. गुन्हा आणि सार्वजनिक उपद्रव होऊ नये म्हणून आपल्या अखत्यारीत जे करता येईल ते करायचं. थोडक्यात, पोलीस पाटील हा न्याय देणारा नाही, खबर देणारा आणि वेळ सांभाळणारा आहे. हा फरक ज्याला कळला त्याची अर्धी तोंडी तिथंच सुटते.

दुसरी गोष्ट नव्या कायद्यांची. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. सगळा गाव अजून "तीनशे दोन लागला" असंच म्हणतो, पण खुनाच्या शिक्षेचं कलम आता 103 आहे, फसवणुकीचं 420 जाऊन 318 आलं आणि चोरी 303 मध्ये आहे. एवढी चार-पाच कलमं पुरे. त्याहून महत्त्वाचं आहे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 34. गावच्या कामकाजाशी संबंधित अधिकाऱ्यानं ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्याला काय काय कळवलंच पाहिजे, ते त्यात आहे. चोरीचा माल घेणाराचा मुक्काम, फरारी माणसाचा वावर, अजामीनपात्र गुन्हा, अचानक किंवा संशयास्पद मृत्यू, सापडलेलं प्रेत. हे एक कलम घरी नीट वाचा.

फोन नंबर पाठ पाहिजेत. तातडीसाठी 112, मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181, ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930. आपल्या ठाण्याचा नंबर तर हवाच. खिशात मोबाइल आहे म्हणून आपण नंबर पाठ करत नाही, आणि मुलाखतीला मोबाइल बाहेर ठेवावा लागतो.

"समजा असं झालं तर..."

खरी तोंडी इथं सुरू होते. प्रसंग देतात आणि तुम्ही काय कराल ते विचारतात. काही नेहमीचे प्रसंग बघू.

बांधाचं भांडण. दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन उभे आहेत, तुम्हाला फोन आला. "मी जाऊन दोघांना समजावीन आणि बांध बरोबर करून देईन," हे उत्तर फार ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे. बांध कुणाचा हे ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही. आधी ठाण्याला किंवा 112 ला फोन, मग गावातली दोन वजनदार माणसं घेऊन जागेवर. दोघांना लांब करणं, हत्यारं बाजूला ठेवायला लावणं, कुणाला लागलं असेल तर दवाखाना. वाद मोजणीचा असेल तर भूमी अभिलेख कार्यालय. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडं अर्ज. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 143, तेही तहसीलदारांकडंच. हे शेवटचं जो सांगतो त्याच्याकडं तहसीलदार मान वर करून बघतात. त्यांच्या टेबलावर निम्म्या फायली त्याच असतात.

विहिरीत प्रेत. पहाटे कुणीतरी सांगत आलं की मळ्यातल्या विहिरीत बाई तरंगतेय. गावातली पोरं दोर घेऊन निघालीत. जिवंत असण्याची जरा जरी शक्यता असेल तर वाचवणं पहिलं, त्यात वाट बघायची नाही. मृत असल्याचं स्पष्ट असेल तर लगेच ठाण्याला फोन, आणि पोलीस येईपर्यंत कुणाला हात लावू न देणं. चप्पल, घागर, पायाचे ठसे जसेच्या तसे राहिले पाहिजेत. गर्दी लांब. फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्यांना थांबवा. पहिल्यांदा कुणी बघितलं, किती वाजता, हे वहीत लिहा. घरचे म्हणाले "पाय घसरून पडली, पोलीस नकोत, आवरून घेऊ" तर काय कराल, हा याचा पुढचा प्रश्न असतोच. उत्तर एकच, कळवणार. घरच्यांशी गोड बोलून, पण कळवणार.

बालविवाह. उद्या सकाळी लग्न, मुलगी सतरा वर्षांची, मांडव पडलाय. मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 पूर्ण पाहिजे, हे पाठ असतंच सगळ्यांना. पण गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कोण, असं विचारलं की शांतता. ग्रामीण भागात ती जबाबदारी ग्रामसेवकांवर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर आहे. त्यांना आणि ठाण्याला लगेच कळवायचं, 1098 वर सांगायचं, शाळेतून जन्मतारखेचा दाखला मिळतो का बघायचं. मग मुलीच्या आई-वडलांशी बोलायचं. खबर कुणी दिली हे कुणालाही सांगायचं नाही. ही शेवटची ओळ आवर्जून बोला. गावात खबर देणाऱ्याचं नाव फुटलं की पुन्हा कुणी खबर देत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरची पोस्ट. कुणीतरी महापुरुषाबद्दल किंवा देवाबद्दल वाईट पोस्ट टाकली, चौकात पन्नास पोरं जमली. पोस्ट पुढं न पाठवता स्क्रीनशॉट, नंबर आणि वेळ ठाण्याला द्यायची. दोन्ही बाजूंच्या जाणत्या माणसांना फोन करायचे. स्वतः ग्रुपवर उत्तर द्यायला बसायचं नाही. "मी ग्रुपवर सगळ्यांना शांततेचं आवाहन करीन" एवढ्यावर थांबणारं उत्तर कच्चं वाटतं, कारण जमाव चौकात असतो, ग्रुपवर नसतो.

आणि मग प्रांतांचा तो शेवटचा प्रश्न. "तुमच्या सख्ख्या चुलत्यानं ओढ्याकाठी हातभट्टी लावली आहे. कळवाल?"

इथं सगळे छाती पुढं काढून "हो सर, लगेच!" म्हणतात. समितीनं हे उत्तर सकाळपासून वीस वेळा ऐकलेलं असतं. मला विचाराल तर थोडं खरं बोलावं. चुलता आहे, घरात वाद होणार, वर्षभर बोलणं बंद होईल हे मला माहीत आहे. तरी कळवीन, कारण एकदा नात्यातल्याला सोडलं तर दुसऱ्याची भट्टी कोणत्या तोंडानं सांगणार? आणि कारवाई पोलीस किंवा उत्पादन शुल्क खातं करील, मी फक्त माहिती देईन. असं उत्तर देणारा माणूस घरी यावर विचार करून आला आहे हे लगेच कळतं. घरी खरंच विचार करा यावर. नेमणूक झाली तर हा प्रसंग कागदावरचा राहत नाही.

राजकारणाचा प्रश्नही याच जातीचा. पोलीस पाटलाला कोणत्याही पक्षाचं काम करता येत नाही आणि पूर्णवेळ नोकरीही करता येत नाही, शेती चालते. तुमच्या फेसबुकवर नेत्याच्या वाढदिवसाचे बॅनर आणि त्यात कोपऱ्यात तुमचा फोटो असेल, तर त्यावर विचारलं जाऊ शकतं. तयारीत राहा. "होतो, आता नाही," हे सरळ सांगणं लपवण्यापेक्षा बरं.

ताईंसाठी थोडं वेगळं

महिलांसाठी राखीव जागा असतात आणि खुल्या जागेवरही महिला अर्ज करतात. त्यांना दोन प्रश्न हटकून येतात. "रात्री दोनला बोलावलं तर जाल का?" आणि "काम तुम्ही बघणार की मालक?" प्रश्न रास्त आहे की नाही यावर वेगळा वाद होऊ शकतो, पुरुषांना कुणी "बायको येऊ देईल का" असं विचारत नाही. पण प्रश्न येणार, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

पहिल्याला नुसतं "हो जाईन" म्हणू नका, कसं जाल ते सांगा. ठाण्याला फोन करून निघेन, सोबत घरातलं किंवा शेजारचं माणूस घेईन, गाडी चालवता येते. गाडी खरंच येत असेल तरच सांगा, बरं का. दुसऱ्याला, "सही माझी, शिक्का माझ्याकडं, ठाण्यातल्या बैठकीला मी येणार." घरातल्या मारहाणीची, छेडछाडीची, मुलींच्या अडचणींची गोष्ट बायका पुरुष पाटलाला सांगत नाहीत, बाईला सांगतील. हा तुमचा खरा जोर आहे. तो कुणी विचारायची वाट बघू नका, बोलता-बोलता आणा. आणि अठरा वर्षांखालच्या मुला-मुलीवर अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायदा 2012 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, आणि त्या मुलाचं नाव कुठंही उघड करायचं नाही, हे ठाऊक असू द्या.

बोलायचं कसं

आपल्या बोलीत बोललं तर मार्क कापतात ही भीती काढून टाका. पोलीस पाटलानं गावाशीच बोलायचंय. "आमच्याकडं", "तिकडं", "म्हणत्यात" असं आलं तर काही बिघडत नाही. पुस्तकी भाषेत बोलायला गेलेला माणूस तिसऱ्या वाक्यात अडकतो. फक्त वाक्य पूर्ण करा आणि आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचू द्या.

उत्तर येत नसेल तर "माहिती नाही सर, बघून घेईन" एवढंच. थापा मारल्या तर पुढचा प्रश्न त्याच थापेवर येतो. प्रश्न कळला नसेल तर पुन्हा विचारा.

सराव एकट्यानं आरशासमोर करू नका, त्याचा उपयोग नाही. घरात चार खुर्च्या मांडा. एकीवर गावातले निवृत्त गुरुजी, एकीवर सुट्टीवर आलेला किंवा निवृत्त फौजी, एकीवर बचत गटाच्या अध्यक्षा, एकीवर तुमच्याशी ज्याचं फारसं पटत नाही असा कुणीतरी. हा चौथा महत्त्वाचा. तो असे प्रश्न काढतो की घरचे काढणार नाहीत. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि नंतर ऐका. "म्हणजे काय सर" हे आपण किती वेळा म्हणतो ते ऐकून लाज वाटते, पण दुसऱ्या दिवशी निम्मं कमी होतं.

त्या दिवशी

कागदपत्रांची यादी जाहिरातीत दिलेली असते, तीच धरा. दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, राखीव जागा असेल तर जातीचे कागद, मागितलं असेल तर लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आणि चारित्र्य प्रमाणपत्र. मूळ वेगळे, झेरॉक्स वेगळी, जाहिरातीतल्या क्रमानं लावलेली. नावात फरक असेल, म्हणजे एकीकडं माहेरचं आडनाव आणि दुसरीकडं सासरचं, तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र आठवडाभर आधीच काढून ठेवा. त्या सकाळी ते होत नाही.

धुतलेले, इस्त्रीचे, साधे कपडे. तोंडात मावा-गुटखा नको, हे सांगायची वेळ येऊ नये पण येते. पहिल्या एसटीच्या भरवशावर राहू नका, नंबर दुपारी असला तरी सकाळीच पोचा. जेवणाचा डबा न्या, कारण कधी कधी संध्याकाळ होते. आणि व्हरांड्यात आपल्याच गावचा दुसरा उमेदवार भेटेल, त्याच्याशी नेहमीसारखं बोला. जो कुणी निवडला जाईल त्याच्या दारात दुसऱ्याला दाखल्यासाठी जावं लागणारच आहे.

पैसे मागणारा भेटला तर

लेखीचा निकाल आणि तोंडी यांच्या मधल्या दिवसांत काही माणसं उगवतात. "साहेबांचा ड्रायव्हर ओळखीचा आहे", "वीसपैकी अठरा टाकून देतो". अंगठ्या मोडून, म्हैस विकून पैसे दिलेली कुटुंबं आपल्या आसपास असतात. या दलालाचा धंदा साधा आहे. तो एका गावातल्या तिघांकडूनही पैसे घेतो. एकाचं तर काम होणारच असतं, त्याचे पैसे पचले. उरलेल्या दोघांना "पुढच्या वेळी बघू" म्हणतो, आणि दिले म्हणून त्यांना बोंब मारता येत नाही. पैसे मागितले तर द्यायच्या आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या टोल फ्री नंबरवर कळवा. शिफारसपत्रं, पुढाऱ्यांचे फोन यांचंही तेच. दबाव आणल्यास उमेदवारी रद्द होईल, असं जाहिरातीतच छापलेलं असतं.

निकाल लागल्यावर लेखी आणि तोंडी दोन्हींचे मार्क बघा. यादीत फक्त बेरीज असेल किंवा काही शंका असेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून प्रांत कार्यालयात अर्ज करता येतो, उत्तराची मुदत 30 दिवस. दोघांना सारखेच मार्क पडले तर प्राधान्य कुणाला, याचे नियमही जाहिरातीत असतात, ते आताच वाचून ठेवा. निवडीत नियम मोडला गेला असं कागदावर दिसत असेल तर दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडं, म्हणजे मॅटकडं मागता येते. त्यासाठी जाहिरात, हॉल तिकीट, लेखीच्या निकालाची यादी आणि तोंडीचं बोलावणं असे सगळे कागद एका पिशवीत ठेवा, निवड झाली तरी आणि नाही झाली तरी.